खारी हवा आणि खुले ग्रंथ

सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी या किनाऱ्याविषयी जे काही छापले गेले ते शोधताना ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द किल्ल्यापलीकडे उपयोगी पडत नाही. खुल्या डिजिटल ग्रंथालयात हा शब्द घालून शोध घेतला की शिवाजी महाराजांचा जलदुर्ग समोर येतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ मात्र ‘रत्नागिरी’ आणि ‘सावंतवाडी’ या दोन नावांखाली दडून बसलेली असतात. त्यातही इंग्रजांनी गावांची नावे कानाला आली तशी लिहिली. वेंगुर्ल्याचे ‘व्हिंगोर्ला’, सावंतवाडीचे ‘सावंत वारी’. ही सगळी रूपे ठाऊक नसतील तर समोर असलेले पुस्तकही सापडत नाही. गेली काही वर्षे मी या किनाऱ्यावरच्या वाचनव्यवहाराची साधने जमवतो आहे, आणि त्यांतली बरीचशी मालवणात बसून, कधी संगणकावर तर कधी फोनवर वाचली आहेत. इथून बाहेर गेलेले ग्रंथ आता कोणत्या वाटेने परत येत आहेत आणि कोणते येत नाहीत, एवढाच या लेखाचा विषय.

बाहेर गेलेले म्हणजे किती, याची कल्पना तीन नावांवरून येईल. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईला गेले आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले. शिळाप्रेसवर छापलेली ‘ज्ञानेश्वरी’ त्यांनीच १८४५ मध्ये वाचकांच्या हाती दिली. दुसरे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. शिक्षण रत्नागिरीत आणि मुंबईत, कर्तृत्व पुण्यात. त्यांच्या नावाची संस्था १९१७ मध्ये त्यांच्या वाढदिवशीच पुण्यात उभी राहिली. तिसरे नाव दिवाळी अंकाच्या वाचकांना परके नसावे. ‘मनोरंजन’कर्ते का. र. मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर, आणि आजगाव सावंतवाडी तालुक्यात आहे. १९०९ मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आज आपण जे वार्षिक व्यसन जोपासतो त्याची सुरुवात केली. तिघांचीही छापील कामगिरी मुंबई-पुण्यात झाली. कोकणातून माणूस गेला की त्याचा कागदही जातो. माणूस निदान गणपतीला परत येतो.

इकडे वाचनाची सोय नव्हती असे मात्र नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२चे, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१चे. पलीकडे पोर्तुगीज गोव्यात, ‘दर्पण’ निघाले त्याच वर्षी, १८३२ मध्ये, पणजीत सरकारी ग्रंथालय उघडले. तेच आज कृष्णदास शामा ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. वेंगुर्ले, मालवण ही तेव्हा वाहती बंदरे होती. मुंबईहून आगबोटीने जो माल यायचा त्यात नियतकालिकांची बंडलेही असत. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळे आषाढ-श्रावणातले वाचन आधी येऊन पडलेल्या पुस्तकांवर भागवावे लागे. ‘नेटवर्क नाही’ ही तक्रार या किनाऱ्याला नवी नाही.

अडचण पुस्तक येण्याची नव्हती, ते टिकण्याची होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेल्या काळात समुद्राची खारी दमट हवा, भिंतीत वाळवी, पानांत कसर. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला कागद असा की बोट लावले तर कोपरा हातात येतो. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदान सुरू झाले, ग्रंथालये अ, ब, क, ड वर्गांत बसली, नवी पुस्तके येऊ लागली. जुन्यांचे काय करायचे याचा विचार मात्र कपाटाच्या किल्लीपाशीच थांबला. किल्ली चिटणीसांकडे, चिटणीस मुलाकडे मुंबईला, हा अनुभव पुष्कळ अभ्यासकांचा असेल.

मग या पुस्तकांच्या प्रती टिकल्या कुठे? उत्तर एका कायद्यात आहे. १८५७नंतर छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी सरकारने १८६७ मध्ये मुद्रण व ग्रंथनोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणे सक्तीचे झाले, त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या आणि निवडक प्रती लंडनला जाऊ लागल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची ब्लूमहार्टने केलेली सूची १८९२ मध्ये छापली गेली, ती अशा साठ्यावर उभी आहे. हेतू पाळतीचा होता, पण त्यामुळे जपणूक झाली. पुढे डिजिटायझेशनची यंत्रे जिथे आधी पोचली तिथे याद्या तयार होत्या आणि पुस्तके कोरडी होती. म्हणून या किनाऱ्याकडे जे आधी परतले ते लंडन आणि अमेरिकेतल्या कपाटांतून.

त्यातले सर्वांत थोर परतलेले पुस्तक म्हणजे ‘मुंबई इलाख्याचे गॅझेटियर’, खंड दहावा, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’, १८८०. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली झालेल्या या खंडात बंदरांचा व्यापार, मासे, होड्यांचे प्रकार, जाती, शेतीच्या पद्धती असे सगळे एकत्र आहे. पूर्वी तो बघायचा म्हणजे मुंबईचे मोठे ग्रंथालय आणि ओळखीचा माणूस लागे. मग राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड सीडीवर आणि संकेतस्थळावर आणले; परदेशी ग्रंथालयांतल्या प्रतींची स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आली. आज मालवणच्या धक्क्यावर उभे राहून मालवण बंदराविषयीचे त्यातले पान कोणालाही फुकट उघडता येते. मोल्सवर्थच्या कोशाचेही असेच झाले. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने अक्षररूपात खुली केली आहे. ज्या शब्दांना मोल्सवर्थने कोकणातले म्हणून खूण केली, ते मालवणीत आज किती जिवंत आहेत हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत ताडून पाहणे हा माझा आवडता उद्योग आहे.

आपल्या देशातला मोठा प्रयत्न म्हणजे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची दहा लाख पुस्तकांची योजना आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ती सुरू झाली. मराठी पुस्तकेही तिच्यात हजारोंनी आली. पण ती वाचणे म्हणजे तप होते. एकेक पान चित्ररूपात वेगळे उघडायचे आणि त्यासाठी संगणकात निराळी सोय बसवून घ्यायची. पुस्तकांची नावे रोमन लिपीत, तीही मराठी न जाणणाऱ्या हाताने टंकलेली, त्यामुळे लेखकाचे नाव ग्रंथाच्या जागी आणि प्रकाशकाचे लेखकाच्या जागी. पुढे मूळ संकेतस्थळच बंद पडले. त्याआधी कार्ल मालामूड या अमेरिकी कार्यकर्त्याच्या खटपटीने त्यातली चार लाखांच्या वर पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर उतरवली गेली होती, म्हणून ती आज दिसतात. सरकारी पैशाने झालेले काम दुसऱ्याने करून ठेवलेल्या नकलेमुळे वाचले. हस्तलिखितांच्या काळातही ग्रंथ असाच वाचत असे: मूळ पोथी जळायची आणि कुठल्या तरी मठातली नक्कल उरायची.

‘खुले’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. अमेरिकी विद्यापीठांच्या ‘हाथीट्रस्ट’ या प्रचंड डिजिटल संग्रहाचे उदाहरण घ्या. अमेरिकेबाहेर छापलेले पुस्तक १४० वर्षांपेक्षा जुने असेल तर ते जगभर उघडते. त्यानंतरचे, पण अमेरिकेत स्वामित्वमुक्त झालेले, फक्त अमेरिकेतल्या वाचकाला दिसते. याचा अर्थ असा की १९०५ मध्ये मुंबईत छापलेले, लेखक शंभर वर्षांपूर्वी वारलेला, भारतीय कायद्याने पूर्ण मुक्त असलेले मराठी पुस्तक शिकागोतल्या विद्यार्थ्याला वाचता येते आणि सावंतवाडीतल्या वाचकाला त्याचे फक्त नाव दिसते. परदेशी ग्रंथपालांना प्रत्येक मराठी लेखकाची मृत्युतिथी शोधणे शक्य नाही, म्हणून त्यांनी सरसकट रेषा आखली. त्यांचे कारण समजते, तरी आपल्याच आजोबांचे पुस्तक काचेपलीकडून बघताना जे वाटायचे ते वाटतेच.

आपल्या कायद्याची रेषा वेगळी आहे. १९५७च्या अधिनियमात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अशी मुदत होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये वारले. त्यांची मुदत १९९१ अखेर संपत आली तेव्हा विश्वभारतीच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला आणि ती सर्वांसाठीच साठ वर्षांची झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. ‘श्यामची आई’ २००१ऐवजी २०११ मध्ये मुक्त झाली. आता हेच गणित या किनाऱ्याला लावून पाहू.

वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्यात शिक्षक होते. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या तिथल्या. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, तेंडोलीचे. ‘कोंडुरा’ हे त्यांच्या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या खऱ्या जागेचे आहे. दोघेही १९७६ मध्ये गेले, खानोलकर एप्रिलमध्ये आणि खांडेकर सप्टेंबरात. त्यामुळे दोघांची पुस्तके एकाच दिवशी, १ जानेवारी २०३७ला, सर्वांची होतील. पन्नास वर्षांचीच मुदत राहिली असती तर तो दिवस १ जानेवारी २०२७ असता. आरवलीचे जयवंत दळवी १९९४ मध्ये गेले, म्हणजे २०५५. धालवलीत जन्मलेले विंदा करंदीकर २०७१. मंगेश पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ला गेले. दोन दिवस अधिक जगते तर त्यांच्या कविता आणखी एक वर्ष बंद राहिल्या असत्या. आता त्या १ जानेवारी २०७६ला मोकळ्या होतील. त्यांचे जन्मगाव उभादांडा ‘कवितांचे गाव’ म्हणून अलीकडे गाजले, भिलारनंतर ‘पुस्तकाचे गाव’ म्हणून निवडल्या गेलेल्या गावांत पोंभुर्लेही आहे. पाट्या लागल्या याचा आनंद आहे. पण पाटीवरची कविता वाचून तिथेच फोन काढून पुढची वाचावी म्हटले तर ती खुल्या ग्रंथालयात अर्धशतकभर मिळणार नाही.

लेखकांच्या वारसांना आणि प्रकाशकांना मानधन मिळू नये असे माझे मत नाही. खांडेकर, दळवी बाजारात आहेत, विकतही घेता येतात. माझी चिंता बाजारात नसलेल्यांची आहे. मुदत त्यांनाही तीच. १९५०-६०च्या दशकांत एकच आवृत्ती निघालेली, प्रकाशक बुडालेला, वारस कुठे आहेत ते माहीत नाही अशी कोकणी लेखकांची कितीतरी पुस्तके आहेत. ती कोणी छापणार नाही आणि कायद्याने कोणी स्कॅन करून खुली करू शकणार नाही. मुदत संपेपर्यंत प्रत उरली तर उरली. हयात लेखकाला आपले हक्क जाहीरपणे सोडून देण्याची मुभा आपल्याच कायद्याच्या एकविसाव्या कलमात आहे; आपल्या लेखकांत ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. ठाण्यातून चालणाऱ्या ‘ई-साहित्य प्रतिष्ठान’ने २००८पासून लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके फुकट वाटण्याचा मार्ग चोखाळला आहे. साहित्य संस्कृती मंडळाची प्रकाशने, विश्वकोशाचे खंड, राज्य मराठी विकास संस्थेने संगणकावर आणलेली दुर्मीळ पुस्तके आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारा मराठी विकिस्रोत, एवढा साठा आज खरोखर खुला आहे. तो लहान नाही.

पण पुस्तक खुले असणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. जुने मराठी पुस्तक ‘पीडीएफ’ रूपात मिळते ते बहुधा पानांचे फोटो असतात. डेमी आकाराचे पान साधारण चौदा सेंटिमीटर रुंद, फोनचा पडदा सात सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अक्षर निम्मे होते, किंवा पान बोटाने डावी-उजवीकडे ढकलत प्रत्येक ओळ वाचावी लागते. टॅबवर ते सुसह्य होते, संगणकावर सोयीचे. पण इथल्या वाचकाकडे टॅब नाही, संगणक शाळेत किंवा कचेरीत. हातात असतो तो फोन. ‘ईपब’ या प्रकारात अक्षरे अक्षरेच असतात, ती पडद्याप्रमाणे ओळी बदलतात, मोठी करता येतात, अंध वाचकाला फोन ती वाचूनही दाखवतो. तीनशे पानांचे स्कॅन पन्नास एमबी भरेल तर तेच पुस्तक अक्षररूपात एका एमबीतही मावते. डोंगराआडच्या वाडीत हा फरक पैशांचा नसून पुस्तक उतरते की नाही इतका साधा आहे.

फोटोचे अक्षर करणे देवनागरीसाठी सोपे नाही, आणि मराठीसाठी त्याहून नाही. २०००च्या आसपास मराठी संकेतस्थळ उघडले की आधी त्यांचा टंक उतरवून घ्या अशी सूचना यायची. प्रत्येकाचा टंक निराळा आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात कचरा दिसायचा. त्या काळात श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुळवलेली हजारो पुस्तके प्रकाशकांच्या डिस्कवर अशीच अडकून पडली आहेत. युनिकोडने तो घोळ संपवला, तरी सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीचे चौकोन दिसत, वेलांट्या भलत्या जागी पडत. किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती २०१६च्या डिसेंबरात.

मराठीचे खास दुखणे म्हणजे डोळ्यातला र. ‘खाऱ्या वाऱ्यावर’ हे दोन शब्द मराठीत दोन पद्धतींनी साठवले जातात: एकीत नुक्ता दिलेला ऱ असतो, दुसरीत साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात १९६२पूर्वीचे लेखन. तेव्हा गांव, नांव, करणें असे अनुस्वार असत. आजच्या ‘गाव’ने शोधले तर ‘गांव’ सुटते. शिळाछाप पुस्तकांत हस्ताक्षरच छापलेले, ते वाचताना यंत्र हात टेकते. सावंतवाडी संस्थानच्या मोडी कागदांबद्दल तर बोलायलाच नको. जांभेकरांची शिळाछाप ‘ज्ञानेश्वरी’ पोंभुर्ल्यातल्या पोराच्या फोनवर येईल तेव्हा ती चित्र म्हणूनच येईल. तिचे अक्षर करायला डोळस माणूस बसावा लागेल, ओळीमागून ओळ. विकिस्रोतवर असे बसणारे लोक आहेत, आणि त्यांतल्या कोणाचेही नाव कुठल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येत नाही.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकांचे दुखणे उलटे. अक्षर स्वच्छ, पण पुस्तक ज्या ॲपमध्ये घेतले त्यातच कोंडलेले. फोन बदलला, ॲप बंद झाले, की काय उरेल ते विकणाऱ्याच्या मर्जीवर. २००९च्या जुलैत ॲमेझॉनने विकलेली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत मिळाले. पण कपाटातले पुस्तक दुकानदार रात्री येऊन घेऊन जातो, हे त्याआधी कोणी ऐकले नव्हते. वाचनालयात खपून दुसऱ्याच्या घरी, तिथून तिसऱ्याच्या, असा जो कागदी पुस्तकाचा गावातला प्रवास असतो तो या पुस्तकांना नाही.

उरला तो कागद, जो लंडनला कधी गेलाच नाही. शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ग्रंथालयांची हस्तलिखित मासिके, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, जत्रेच्या छापील पत्रिका, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांची वार्षिक वृत्ते, मालवणीतल्या गाऱ्हाण्यांच्या आणि गाण्यांच्या पुस्तिका. यांची प्रत असली तर याच जिल्ह्यात, नाहीतर परळ-लालबागच्या एखाद्या माळ्यावर. कुठल्याही जागतिक ग्रंथालयाच्या स्कॅनरखाली ती आपोआप येणार नाही. इथे भांडारकरांची आठवण होते. १८८०च्या दशकात त्यांनी संस्कृत हस्तलिखितांचा जो शोध घेतला त्यात हाती आलेल्या पोथ्यांपेक्षाही त्यांचे अहवाल मोलाचे ठरले: कोणत्या संग्रहात काय आहे, किती पाने, कोणत्या स्थितीत. यादी छापली गेल्याने पोथी आहे हे जगाला कळले. आपल्याकडे आज स्कॅनर घेण्यासाठी निधीची मागणी होते, यादी करण्यासाठी कोणी मागत नाही. चांगल्या फोनने काढलेला फोटो वाचण्यापुरता पुरेसा असतो. पण कशाचा फोटो काढायचा हे ठरवायला आधी कपाट उघडावे लागते.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही चौघे एका गावच्या जुन्या ग्रंथालयात दाखल-नोंदवहीपासून सुरुवात केली आहे. पुस्तके नंतर, आधी नोंदवही. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, कर्ता, किंमत, कोणाकडून आले, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात ‘मुंबईहून आगबोटीने’ असेही सापडते आणि ‘कसर लागून बाद’ असेही. बाद झालेल्या पुस्तकांची नावे आम्ही वेगळ्या वहीत उतरवून घेतो आणि त्यांतले कोणते कुठे खुले मिळते ते शोधून समोर लिहितो. काही मिळतात. शिळाछाप असलेल्यांपुढे सध्या फक्त ‘चित्र’ असे लिहिले आहे. पावसाळ्यात नोंदवहीची पाने चिकटतात, म्हणून काम बंद असते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दुसरा खंड घेऊ.